इनबॉक्समध्ये कंपनीचा लोगो कसा आणावा: डीमार्कपासून बिमीपर्यंत

जीमेलमध्ये एखाद्या मोठ्या बँकेचा किंवा विमान कंपनीचा मेल आला की पाठवणाऱ्याच्या नावाशेजारच्या गोलात त्या संस्थेचा लोगो दिसतो, आणि काही वेळा नावापुढे निळी खूणही असते. तुमच्या कंपनीने पाठवलेल्या बिलाशेजारी मात्र रंगीत गोलात कंपनीच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे असते. हा लोगो ‘बिमी’ नावाच्या खुल्या मानकातून येतो. ‘ब्रँड इंडिकेटर्स फॉर मेसेज आयडेंटिफिकेशन’ या लांबलचक नावाचे ते लघुरूप आहे. जीमेलने जुलै २०२१ मध्ये ही सोय सर्वांसाठी खुली केली, तर अ‍ॅपलने २०२२ च्या आयओएस १६ पासून ती आपल्या मेल अ‍ॅपमध्ये आणली. याहू त्याआधीपासूनच लोगो दाखवत होते.

हा लेख अशा छोट्या-मध्यम उद्योगांसाठी आहे, ज्यांचे स्वतःचे डोमेन आहे, मेल गूगल वर्कस्पेस, झोहो किंवा होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर आहे, आणि ज्यांच्याकडे वेबसाइट सांभाळणारा एखादा माणूस असला तरी मेलचा खास जाणकार नाही. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करावीशी वाटते: या कामात लोगोचा भाग थोडा आणि मेलच्या ओळखपडताळणीचा भाग मोठा आहे. लोगोची फाइल एका दुपारी तयार होते, परंतु आपल्या नावाने जाणारा प्रत्येक मेल खरोखर आपलाच आहे हे सिद्ध करण्याची व्यवस्था लावायला कित्येक आठवडे जातात. त्यामुळे जो विक्रेता पहिल्याच फोनवर प्रमाणपत्राचे (लोगो तुमचाच असल्याची ग्वाही देणाऱ्या कागदाचे) दरपत्रक पाठवतो, त्याला थोडे थांबायला सांगावे.

काय बिमी नाही, तेही आधी पाहून घेऊ. मेलच्या शेवटी सहीखाली टाकलेला लोगो म्हणजे मजकुरातले एक चित्र. तो कोणीही टाकू शकतो. गूगल खात्याला लावलेले प्रोफाइल छायाचित्र जीमेलच्या इतर वापरकर्त्यांना दिसते, पण ते त्या एका खात्यापुरते असते, संपूर्ण डोमेनला लागू होत नाही आणि जीमेलच्या बाहेर त्यावर विसंबता येत नाही. दोनचार माणसांच्या कार्यालयाला तेवढेही पुरते, आणि पुरत असेल तर पुढचा खटाटोप करण्याचे कारण नाही.

आपला मेल कोण वाचते?

ग्राहकांची यादी उघडावी आणि पत्त्यांचा शेवटचा भाग पाहावा. जीमेलला लोगो दाखवायचा तर डोमेनची पडताळणी आणि प्रमाणपत्र दोन्ही लागतात. याहू प्रमाणपत्राशिवायही लोगो दाखवते, मात्र मेल मोठ्या प्रमाणावर पाठवला जाणारा असावा आणि पाठवणाऱ्याची पत चांगली असावी, अशी त्यांची अपेक्षा असते. अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये बिमीचा लोगो दिसण्यासाठीही प्रमाणपत्र हवे. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये बिमीची सोय नाही. म्हणजे चाकण किंवा वाळूज औद्योगिक वसाहतीतला एखादा सुटे भाग पुरवणारा उद्योग, ज्याचे सगळे ग्राहक मोठ्या कंपन्यांचे खरेदी विभाग आहेत आणि ते सारे आउटलुकवर बसलेले आहेत, त्याने लोगोसाठी पैसे खर्च केले तर तो लोगो पाहणार कोण? याउलट थेट घरगुती ग्राहकांना माल विकणाऱ्या, सांगलीहून हळद-बेदाणे किंवा रत्नागिरीहून आंबा पाठवणाऱ्या उद्योगाची यादी बहुधा जीमेलच्या पत्त्यांनीच भरलेली सापडेल. त्याला हा खर्च परवडू शकतो.

पायरी १: मेल पाठवणाऱ्या सगळ्या ठिकाणांची यादी

कंपनीच्या डोमेनवरून मेल फक्त कर्मचाऱ्यांच्या खात्यांतून जातो अशी बहुतेक मालकांची समजूत असते. प्रत्यक्षात वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म होस्टिंग सर्व्हरवरून मेल पाठवतो, हिशेबाचे सॉफ्टवेअर बिले पाठवते, पगारपत्रके वेगळ्या सेवेतून जातात, दिवाळीच्या सवलतीचे मेल मेलचिंप किंवा झोहो कॅम्पेन्ससारख्या सेवेतून जातात, आणि कोपऱ्यातले स्कॅनरचे यंत्रसुद्धा स्कॅन केलेली पाने कंपनीच्याच पत्त्यावरून पाठवत असते. लेखा, विक्री आणि मनुष्यबळ या तिन्ही विभागांना विचारून ही यादी कागदावर आणावी. ती पहिल्या फेरीत कधीच पूर्ण होत नाही. उरलेली नावे चौथ्या पायरीतले अहवाल सांगतील.

पायरी २: एसपीएफ

एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, लिहिलेली एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद. आपल्या वतीने मेल पाठवण्याची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे, हे ती जगाला सांगते. गूगल वर्कस्पेस असो वा झोहो, प्रत्येक सेवा आपल्या मदतपानावर नोंदीत घालायचा तुकडा देते. तो जसाच्या तसा, रोमन लिपीत उतरवावा. दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असते. नवी सेवा घेतली म्हणून दुसरी नोंद जोडली, तर दोन्ही निरुपयोगी होतात. तुकडे एकाच नोंदीत एकापुढे एक लिहावेत. दुसरे म्हणजे, ही नोंद वाचताना समोरच्या सर्व्हरने डीएनएसमध्ये जास्तीत जास्त १० शोध करावेत अशी मर्यादा आहे. आधीच्या सेवा बंद होऊनही त्यांचे तुकडे नोंदीत राहिले की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि सगळी पडताळणीच चुकते. जुने तुकडे काढून टाकावेत.

पायरी ३: डीकेआयएम

डीकेआयएम ही प्रत्येक मेलवर केलेली अंकीय सही होय. सही करायची खासगी किल्ली पाठवणाऱ्या सेवेकडे राहते आणि ती तपासायची सार्वजनिक किल्ली तुमच्या डीएनएसमध्ये असते. मेल पुढे फॉरवर्ड झाला की एसपीएफ सहसा मोडतो, कारण पाठवणारा सर्व्हर बदलतो. सही मात्र मजकुराला हात लागला नाही तर टिकते. म्हणून दोहोंपैकी डीकेआयएम अधिक भरवशाचे. किल्ली २०४८ बिटांची निवडावी. काही जुन्या डीएनएस पॅनेलांत एवढी लांब नोंद एका ओळीत बसत नाही, तेव्हा ती अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून लिहावी लागते.

नवख्याची सर्वांत मोठी अडचण इथे येते, म्हणून थोडे थांबून समजून घेऊ. बाहेरची मेल सेवा घेतली की ती पहिल्या दिवसापासून मेल पाठवू लागते आणि सहीसुद्धा करते, पण ती सही स्वतःच्या डोमेनची करते. ग्राहकाला ‘प्रेषक’ या जागी तुमचा पत्ता दिसतो आणि आत सही त्या सेवेची असते. अशा मेलची एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्ही तपासण्या उत्तीर्ण झाल्या, तरी डीमार्कच्या, म्हणजे पुढच्या पायरीत येणाऱ्या नियमाच्या, दृष्टीने तो नापास आहे, कारण डीमार्क जुळणी मागतो: प्रेषकाच्या पत्त्यातले डोमेन आणि तपासणीत उत्तीर्ण झालेले डोमेन हे एकच असावे, किंवा निदान एकाच मुख्य डोमेनची पोटडोमेने (सबडोमेन) असावीत. उपाय असा, की प्रत्येक सेवेच्या सेटिंगमध्ये ‘डोमेन ऑथेंटिकेशन’ किंवा तत्सम नावाचे पान असते, तिथे तुमचे डोमेन नोंदवावे आणि ती सेवा देईल त्या दोनतीन डीएनएस नोंदी आपल्या पॅनेलमध्ये घालाव्यात. पहिल्या पायरीतल्या यादीतल्या प्रत्येक नावासमोर हे काम झाल्याची खूण करावी. जी सेवा तुमच्या डोमेनची सही करूच देत नाही, तिच्यातून तुमच्या नावाने मेल पाठवणे बंद करावे. दुसरी सेवा शोधावी.

पायरी ४: डीमार्क, आणि खरे काम

डीमार्क हीसुद्धा टीएक्सटी नोंदच आहे. ती डोमेनच्या आधी अंडरस्कोअर आणि ‘डीमार्क’ हा शब्द लावून तयार होणाऱ्या नावावर ठेवतात. जुळणी न झालेल्या मेलचे काय करावे, हे ती समोरच्या सर्व्हरला सांगते. ‘पी’ या अक्षरापुढे तीन मूल्यांपैकी एक लिहायचे असते: ‘नन’ म्हणजे काहीच करू नका, फक्त कळवा, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत पाठवा.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचा केला. गूगलच्या लेखी मोठा पाठवणारा म्हणजे जीमेल खात्यांना दिवसाला ५००० किंवा त्याहून अधिक मेल पाठवणारा. त्या वेळी अनेकांनी घाईघाईने ‘नन’ लिहून काम उरकले, आणि त्या नियमापुरते ते चालतेही. बिमीला ते चालत नाही. लोगोसाठी धोरण ‘क्वारंटाइन’ किंवा ‘रिजेक्ट’च हवे, ते सर्व मेलना लागू असायला हवे, म्हणजे नोंदीत टक्केवारीची ‘पीसीटी’ खूण असेल तर तिच्यापुढे १०० हवेत, आणि पोटडोमेनांसाठीच्या ‘एसपी’ खुणेला ‘नन’ असता कामा नये. ही शेवटची अट पुष्कळांच्या नजरेतून सुटते.

थेट ‘रिजेक्ट’ लिहिण्याचा मोह टाळावा. त्याने स्वतःचीच बिले परत येऊ लागतात, आणि ग्राहकाने फोन केल्याशिवाय ते कळतही नाही. आधी ‘नन’ ठेवून, ‘आरयूए’ या खुणेपुढे अहवालांसाठी वेगळा पत्ता द्यावा. दुसऱ्याच दिवसापासून गूगल, याहू आदी सेवांकडून कॉम्प्रेस केलेल्या एक्सएमएल फाइली येऊ लागतात. त्या उघड्या डोळ्यांनी वाचणे कंटाळवाणे आहे; त्या तक्त्यात मांडून देणाऱ्या सेवा उपलब्ध आहेत आणि कमी मेल असणाऱ्यांसाठी त्यांपैकी काहींच्या मोफत योजनाही असतात.

एक ओळ कशी वाचावी, ते पाहू. समजा एका ओळीत एक आयपी पत्ता आहे, संख्या ४२ आहे, एसपीएफच्या रकान्यात ‘पास’ आहे पण त्यापुढचे डोमेन तुमच्या होस्टिंग कंपनीचे आहे, आणि डीकेआयएमचा रकाना रिकामा आहे. ही ओळ बहुधा वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्मची असते: सर्व्हर स्वतःच्या नावाने मेल पाठवतो आहे, सही होत नाही, म्हणून जुळणी नाही. उपाय म्हणजे वर्डप्रेसला एसएमटीपीचे (मेल खात्यातून मेल पाठवण्याच्या पद्धतीचे) प्लगिन लावून तो मेल तुमच्या नेहमीच्या, सही होणाऱ्या खात्यातून पाठवणे. दुसऱ्या एखाद्या ओळीत कधीही न ऐकलेल्या देशातला आयपी, संख्या दोन-तीन आणि दोन्ही रकाने नापास असे दिसले, तर तो तुमच्या नावाचा गैरवापर असू शकतो. त्याच्यासाठीच हे धोरण आहे. तिथे काही दुरुस्त करायचे नसते. तिसरा प्रकार म्हणजे एसपीएफ नापास, पण तुमच्याच डोमेनचे डीकेआयएम पास. हा सहसा कोणीतरी फॉरवर्ड केलेला तुमचाच मेल असतो आणि तो सुखरूप असतो.

अहवाल किती दिवस पाहावेत? मी तरी किमान एक पूर्ण महिना म्हणेन, कारण पगारपत्रके, थकबाकीची स्मरणपत्रे आणि जीएसटीच्या तारखांच्या आसपास जाणारे मेल महिन्यातून एकदाच जातात. ओळखीचे सगळे स्रोत जुळू लागले की ‘क्वारंटाइन’ करावे, हवे तर आधी थोड्या टक्क्यांवर, आणि काही आठवड्यांनी ‘रिजेक्ट’वर जावे.

सहकारी बँकांना इथे एक वेगळी सूचना करावीशी वाटते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर जाण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. त्यात महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँकाही आल्या. जुन्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावलेले असले, तरी त्यातले काहीही नव्या डोमेनवर आपोआप येत नाही, मेल पाठवणारा म्हणून कमावलेली पतसुद्धा नाही. नव्या डोमेनवर पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करावी लागते. जुन्या डोमेनवरून आता मेल जात नसेल, तर त्याच्यावर ‘रिजेक्ट’ लावून ठेवावे. ते उघडे टाकले तर ग्राहकांच्या ओळखीच्या त्या पत्त्यावरून भामटे मेल पाठवतील.

पायरी ५: लोगोची फाइल

बिमीला पीएनजी किंवा जेपीजी चालत नाही. ‘एसव्हीजी टायनी पीएस’ या काटेकोर प्रकारातली फाइल लागते. एसव्हीजी म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांच्या वर्णनातून चित्र साठवणारी फाइल. हा प्रकार नेहमीच्या एसव्हीजीमधून धोकादायक गोष्टी वगळून बनवला आहे: स्क्रिप्ट नाही, अ‍ॅनिमेशन नाही, बाहेरच्या पत्त्याचा दुवा नाही, आत दडवलेले छायाचित्र नाही. डिझायनरकडे एसव्हीजी मागितली की तो पुष्कळदा पीएनजीलाच एसव्हीजीचे आवरण घालून पाठवतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. आत ‘इमेज’ नावाचा टॅग आणि त्यापुढे अक्षरांचा न संपणारा ढीग दिसला, तर ती फाइल परत पाठवावी.

अ‍ॅडोबी इलस्ट्रेटरमधून साठवताना प्रोफाइलच्या जागी ‘एसव्हीजी टायनी १.२’ निवडावे. मग नोटपॅडमध्ये पहिल्या टॅगमधल्या ‘बेसप्रोफाइल’चे मूल्य ‘टायनी’ असते, त्याच्या पुढे हायफन आणि ‘पीएस’ जोडावे, आवृत्ती १.२ आहे ना ते पाहावे. त्याच टॅगमध्ये ‘एक्स’ आणि ‘वाय’ ही मूल्ये असतील तर ती काढावीत. आणि लगेच पुढे ‘टायटल’ टॅगमध्ये कंपनीचे नाव लिहावे. ‘टायटल’ नसल्यामुळे फाइल नाकारली जाणे हा नेहमीचा अनुभव आहे. फाइल ३२ किलोबाइटच्या आत असावी, चित्र चौरस असावे आणि मागे सलग रंग भरलेला असावा. पारदर्शक पार्श्वभूमी ठेवली तर काळ्या थीमवर गडद लोगो दिसेनासा होतो. चौरसाचे कोपरे बहुतेक ठिकाणी गोलात कापले जातात, म्हणून मुख्य आकृती मध्यभागी ठेवून भोवती जागा सोडावी.

देवनागरीत नाव असलेल्या लोगोंसाठी दोन शब्द. या प्रकारच्या फाइलीत फॉन्टवर विसंबू नये. सगळी अक्षरे आउटलाइनमध्ये बदलून घ्यावीत, नाहीतर जोडाक्षरे फुटतात. दुसरे, मोबाइलवर हा गोल करंगळीच्या नखाएवढा दिसतो. ‘अमुक अँड सन्स, स्थापना १९५२’ हे सगळे त्यात वाचता येणार नाही. एखादे अक्षर किंवा चिन्ह उठून दिसते. पण चिन्ह निवडण्यापूर्वी पुढची पायरी वाचावी.

पायरी ६: ट्रेडमार्क आणि प्रमाणपत्र

प्रमाणपत्रे दोन प्रकारची आहेत. व्हीएमसी म्हणजे ‘व्हेरिफाइड मार्क सर्टिफिकेट’. त्यासाठी लोगो नोंदणीकृत ट्रेडमार्क असावा लागतो. मे २०२३ पासून जीमेल अशा पाठवणाऱ्यांच्या नावापुढे निळी खूण दाखवते. सीएमसी म्हणजे ‘कॉमन मार्क सर्टिफिकेट’. त्याला ट्रेडमार्कची अट नाही, पण तोच लोगो तुम्ही किमान एक वर्ष सार्वजनिकपणे वापरत आहात याचा पुरावा द्यावा लागतो. जीमेलने सीएमसी सप्टेंबर २०२४ पासून स्वीकारले आहे. लोगो दिसतो, निळी खूण मिळत नाही. बहुतेक लहान उद्योगांनी सीएमसीवर समाधान मानावे असे माझे मत आहे, कारण ग्राहकाच्या डोळ्यांत भरतो तो लोगो, आणि ट्रेडमार्कची वाट पाहण्यात जाणारा काळ वाचतो.

व्हीएमसीच हवे असेल, तर ट्रेडमार्कचा अर्ज पहिल्या पायरीच्याही आधी टाकावा, कारण या सगळ्या प्रवासात सर्वांत संथ गोष्ट तीच आहे. भारतीय नोंदणी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्य आहे. महाराष्ट्र आणि गोवा यांसाठी ट्रेड मार्क्स रजिस्ट्रीचे मुंबई कार्यालय आहे, आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. टीएम-ए या फॉर्मचे ऑनलाइन शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी प्रत्येक वर्गामागे ४५०० रुपये, तर इतरांसाठी ९००० रुपये आहे. तपासणीनंतर चिन्ह ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापले जाते, त्यानंतर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतो, आणि मगच नोंदणी होते. लोगोशेजारी ‘टीएम’ लावण्याचा हक्क अर्जापासून असतो, पण व्हीएमसीला तो पुरत नाही. संकेतस्थळावर अर्जाची स्थिती ‘रजिस्टर्ड’ दिसली पाहिजे.

नुसते नाव नोंदवले असेल तर ते शब्दचिन्ह झाले; बिमीसाठी आकृतीसह नोंदणी असणे सोयीचे. नोंदणीतली आकृती आणि एसव्हीजीतली आकृती यांत फरक आढळला, तर प्रमाणपत्र देणारी संस्था अर्ज अडवते. म्हणून गोलात बसेल असे छोटे चिन्ह स्वतंत्रपणे नोंदवून घेतलेले बरे. रंगाबाबत ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, १९९९ च्या कलम १० ची मदत होते: रंगाची मर्यादा न घालता नोंदवलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदवलेले मानले जाते. अर्जात विशिष्ट रंग मागितला असेल, तर मात्र लोगो त्याच रंगात द्यावा.

आपल्याकडे आणखी एक गुंता हमखास निघतो. ट्रेडमार्क वडिलांच्या किंवा जुन्या भागीदारी पेढीच्या नावावर असतो आणि डोमेन व मेल नव्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर चालतात. प्रमाणपत्राचा अर्जदार आणि ट्रेडमार्कचा मालक यांचे नाते कागदावर दाखवता आले पाहिजे: एक तर हस्तांतर करून टीएम-पी फॉर्मने त्याची नोंद करून घ्यावी, किंवा वापराचा लेखी परवाना द्यावा. घरचाच मामला आहे म्हणून हे टाळले जाते आणि पैसे भरून झाल्यावर अर्ज अडकतो.

डिजिसर्ट आणि ग्लोबलसाइन या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी आहेत. व्हीएमसीचा खर्च सर्वसाधारणपणे वर्षाला हजार डॉलरच्या घरात किंवा त्याहून वर जातो, सीएमसी त्यापेक्षा स्वस्त मिळते. दर बदलत राहतात, म्हणून दोनतीन ठिकाणी विचारावे. संस्था कंपनीची नोंदणी तपासते, डोमेन तुमचेच आहे याची खात्री करते, आणि अर्ज करणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख व्हिडिओ कॉलवर किंवा नोटरीमार्फत पडताळते. शेवटी ‘पेम’ प्रकारची एक फाइल मिळते. तुमची एसव्हीजी तिच्या आतच गोठवलेली असते, म्हणून त्यानंतर वेबसाइटवरच्या लोगोच्या फाइलीत काडीचाही बदल करू नये.

पायरी ७: बिमीची नोंद

एसव्हीजी आणि पेम या दोन्ही फाइली स्वतःच्या वेबसाइटवर, एचटीटीपीएसने उघडतील अशा जागी ठेवाव्यात. वर्डप्रेस सुरक्षेच्या कारणास्तव एसव्हीजी थेट चढवू देत नाही. सीपॅनेलच्या, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण-पानाच्या, फाइल मॅनेजरमधून ती ठेवता येते. त्या जागेला लॉगिन किंवा ‘मी रोबोट नाही’ छापाची अडवणूक नसावी, कारण ती फाइल उचलायला येणारा रोबोटच असतो.

मग डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद जोडावी. तिचे नाव ‘डिफॉल्ट’, मग टिंब, मग अंडरस्कोअर आणि ‘बिमी’ असे असते, सारे रोमन लिपीत. पुढचे डोमेन बहुतेक पॅनेले आपणहून जोडतात. आत तीन भाग अर्धविरामांनी वेगळे केलेले असतात: ‘व्ही’पुढे आवृत्ती म्हणून ‘बिमी’ आणि १ हा अंक, ‘एल’पुढे एसव्हीजीचा पूर्ण पत्ता, आणि ‘ए’पुढे पेम फाइलचा पूर्ण पत्ता. प्रमाणपत्र नसेल तर ‘ए’पुढची जागा रिकामी ठेवता येते, अशा नोंदीवर याहू लोगो दाखवू शकते, जीमेल नाही. पोटडोमेनवरून मेल जात असेल आणि तिथे वेगळी नोंद नसेल, तर मुख्य डोमेनची नोंद वापरली जाते.

पायरी ८: तपासणी

बिमी मानक सांभाळणाऱ्या गटाच्या संकेतस्थळावर तपासनीस आहे. डोमेन घातले की तो डीमार्कचे धोरण, एसव्हीजीचा प्रकार आणि प्रमाणपत्र यांतले काय चुकले ते सांगतो. त्यानंतर स्वतःच्या जीमेल खात्यावर खरा मेल पाठवावा, तो संगणकावर उघडून तीन टिंबांच्या यादीतून ‘शो ओरिजिनल’ निवडावे आणि वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ आहे का ते पाहावे. फक्त कर्मचाऱ्याच्या खात्यातून नव्हे, तर बिलाच्या सॉफ्टवेअरमधून आणि जाहिरातीच्या सेवेतूनही एकेक मेल पाठवून हेच पाहावे. एका ठिकाणी लोगो दिसतो आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, याचे कारण जवळपास नेहमी तिसऱ्या पायरीत राहून गेलेली एखादी सही असते.

लोगो दिसायला दोन दिवस लागू शकतात. तेवढ्यात नोंदीशी खेळत बसू नये, कारण प्रत्येक बदलानंतर प्रतीक्षा पुन्हा सुरू होते. सगळे ‘पास’ असूनही आठवडाभर लोगो आला नाही, तर पाठवणाऱ्याची पत पाहावी: बिमी हा लोगो दाखवण्याचा हक्क देत नाही, अंतिम निर्णय मेल सेवेचाच असतो, आणि ज्यांचे मेल लोक वारंवार स्पॅम म्हणून कळवतात त्यांना ती झुकते माप देत नाही. जीमेलच्या मोठ्या पाठवणाऱ्यांसाठीच्या नियमांत स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्यास सांगितले आहे. विकत घेतलेल्या याद्यांवर मेल पाठवत राहणाऱ्याने लोगोवर पैसे घालवू नयेत.

नंतरची देखभाल

प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांची असते आणि ट्रेडमार्कची १० वर्षांची. प्रमाणपत्र संपण्याच्या महिनाभर आधी नूतनीकरण सुरू करावे, कारण ओळखपडताळणी पुन्हा करावी लागू शकते, आणि नवी पेम फाइल जुन्याच पत्त्यावर ठेवली तर डीएनएसला हात लावावा लागत नाही. वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवताना या दोन फाइली मागे राहतात आणि लोगो गुपचूप नाहीसा होतो. वेबसाइट सांभाळणाऱ्याला त्यांचे पत्ते लेखी देऊन ठेवावेत. डीमार्कचे अहवाल येणारा पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा नसावा. आणि लेखा विभाग उद्या नवे बिलाचे सॉफ्टवेअर घेईल, तेव्हा त्यातून ग्राहकाला पहिले बिल जाण्याआधी त्याची डीकेआयएम नोंद डीएनएसमध्ये पडलेली असावी, कारण धोरण आता ‘रिजेक्ट’ आहे आणि सही नसलेले बिल स्पॅममध्येसुद्धा सापडणार नाही.